फिरस्तीचीं पानें : सुंदरगडाची वाट आणि एक डबा

आमच्या घरीं सहलीचा बेत ठरला म्हणजे प्रथम भांडण होतें आणि मग सहल होते. या खेपेचें भांडण एका डब्यावरून झालें. माझा पुतण्या गेलीं आठ वर्षें नोकरीनिमित्त विलायतेंत, यॉर्कशायर परगण्यांत राहातो. तो यंदा कार्तिकांत सहकुटुंब घरीं आला, तेव्हां त्याच्या सामानांत तळहाताएवढा, घट्ट झांकणाचा, हिरव्या रंगाचा एक डबा निघाला. आंत एक चिमुकली वही, एक शिसपेन्सिल आणि चार कांचेच्या गोट्या. "हा डबा आपल्या कोयनेच्या खोऱ्यांत कोठें तरी लपवून ठेवायचा आहे," असें त्यानें जेवतांना जाहीर केलें. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं शेरा मारला, "लपवायचाच होता तर खोऱ्यांत कशाला न्यायला हवा? या घरांत चार दिवस ठेव, आपोआप सांपडेनासा होईल."

या खेळास इंग्रजींत जिओकॅशिंग म्हणतात. कोणी तरी पाहाण्याजोग्या एखाद्या ठिकाणीं डबा दडवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जगजाहीर करतो. मग ज्याला हौस असेल त्यानें मोबाइलांतील दिशादर्शकाच्या आधारें तेथें जावें, डबा हुडकावा, वहींत नांव व तारीख लिहावी, आणि डबा होता तसा पुन्हां जागच्या जागीं ठेवावा. आंतली एखादी वस्तु घेतलीच, तर तिच्या मोलाची दुसरी ठेवावी, एवढाच शिष्टाचार. अमेरिकन सरकारनें आपल्या उपग्रहांच्या संकेतांत लष्करी कारणांसाठीं एक दोष बुद्ध्याच ठेवला होता. तो २ मे २००० रोजीं काढून टाकला. तोंवर सामान्य माणसाच्या हातांतील यंत्रास शंभरेक मीटरांची चूक होत असे. ती एका रात्रींत दहा-वीस मीटरांवर आली. दुसऱ्याच दिवशीं ओरेगॉन राज्यांत डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें एक बादली रानांत ठेवून तिचे आंकडे प्रसिद्ध केले. तीन दिवसांत ती दोघांना सांपडली, आणि आज जगांत असे तीस लाखांवर डबे दडलेले आहेत.

पण मूळ कल्पना उपग्रहांहून पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडांतील डार्टमूरच्या माळावर क्रॅनमियर पूल म्हणून एक आडरानांतील दलदलीची जागा आहे. तेथें जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें १८५४ सालीं एक बाटली ठेवली. एवढी पायपीट करून जो पोंचेल त्यानें आपलें भेटीचें कार्ड तींत टाकावें आणि परतावें. आपल्याकडे गुप्तधनाच्या बीजकांच्या गोष्टी काय थोड्या आहेत? मात्र आपलें बीजक लिहिणाराची सारी धडपड धन कोणाच्या हातीं लागूं नये यासाठीं असते. उघड पत्ता देऊन ठेवा ठेवणारा मनुष्य आपल्या कथांत मला तरी आढळला नाहीं.

आरंभीं मला हा सारा पोरखेळ वाटला हें कबूल करतों. पण किल्ल्याकिल्ल्यांच्या दरवाजांवर चुन्यानें, कोळशानें आणि खिळ्यानें आपलीं व आपल्या प्रियजनांचीं नांवें कोरून ठेवणारे आमचे वीर आठवले, आणि मनांत आलें कीं यांना असा एखादा डबा नि वही मिळती तर कितीतरी दगड वांचले असते.

असो. आम्ही लहानथोर मिळून चौदा माणसें दोन मोटारींतून निघालों. वाटेंत पाटणास आत्याला व आतेभावाला बरोबर घेऊन सायंकाळच्या सुमारास कोयनानगरास पोंचलों. आत्या आतां ब्यायशी वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, पण मोटारींत पुढची जागा तिचीच.

पुतण्याचा पहिला विचार डबा धरणाच्या जवळपास ठेवावा असा होता. आंकडेही सोयीचे, १७ अंश २४ मिनिटें उत्तर आणि ७३ अंश ४५ मिनिटें पूर्व. १०३ मीटर उंचीचें, ८०० मीटरांहून लांब असें तें धरण १९६४ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या मागें शिवसागर जलाशयांत शंभरांवर अब्ज घनफूट पाणी उभें राहातें. नेहरू उद्यानांतून तें सगळें दृश्य दिसतें. पण आतेभाऊ शाळामास्तर. त्यानें चष्म्यावरून पाहात विचारलें, "अरे, धरणाजवळ एखादा बेवारशी डबा सांपडला, तर पोलीस त्यांतल्या वहींत नांव लिहितील कीं तुझें नांव दुसऱ्या वहींत लिहितील?"

पुतण्या हंसला आणि त्यानें स्वतःच एक हकीकत सांगितली. तो राहातो त्या भागांत वेदरबी नांवाचें बाजाराचें जुनें गांव आहे. जुलै २०११ मध्यें तेथें एका उपाहारगृहाबाहेर कोणी तरी खालीं वांकून कांहीं ठेवीत असल्याचें एकानें पाहिलें. पोलीस आले, रस्ता बंद झाला, लष्कराचें बॉम्बपथक आलें, आणि शेवटीं तो डबा सुरुंगानें उडवून दिला. तो या खेळांतलाच निघाला. तेव्हांपासून नियम अधिक कडक झाले आहेत. धरण, पूल, लष्करी जागा यांपासून दूर राहावें. जमीन खणूं नये. जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी. खाण्याची वस्तु आंत ठेवूं नये. एक डबा दुसऱ्यापासून निदान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा हिस्सा, लांब असावा. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे डबा ठेवणारानें त्याची देखभाल करण्याइतकें जवळ राहिलें पाहिजे. धरणाचा बेत अशा रीतीनें चहाच्या पहिल्या पेल्याबरोबरच बारगळला. सभोंवारचें रान १९८५ पासून अभयारण्य आणि २०१० पासून व्याघ्रप्रकल्पाचा भाग. तेथें परवानगीखेरीज पाऊलही टाकूं नये, मग डबा कोठला?

या खेळाचा एक प्रकार मात्र मला मनापासून आवडला. त्यांत डबाच नसतो. अमेरिकेंतील भूविज्ञान संस्थेनें २००४ च्या सुमारास तो सुरू केला. भूगर्भाच्या दृष्टीनें विशेष असें एखादें स्थळ नेमून देतात, तेथें जाऊन खडक, पाणी, थर पाहावयाचे आणि नेमलेल्या प्रश्नांचीं उत्तरें पाठवावयाचीं. यासाठीं कोयनेइतकें योग्य ठिकाण दुसरें क्वचितच असेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे सवाचारच्या सुमारास येथें झालेला भूकंप साऱ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेला आहे, कारण धरणाच्या पाण्यानें चेतविलेल्या भूकंपांचें तें ठळक उदाहरण समजतात. दीडशेंहून अधिक माणसें त्यांत दगावलीं. पुढें या खोऱ्यांत गोठणें येथें शास्त्रज्ञांनीं तीन किलोमीटर खोल भोंक पाडलें. तेव्हां वरचा काळा पाषाण सुमारें सव्वा किलोमीटर जाडीचा असून त्याखालीं थेट ग्रॅनाइट लागतो हें प्रत्यक्ष दिसून आलें. पुतण्या हें सारें मोठ्या उत्साहानें सांगत होता. आत्यानें ऐकून घेतलें आणि म्हणाली, "पाण्याचें आणि खडकाचें तुम्ही बघा. माझ्या मांडणीवरचीं सगळीं पितळी भांडीं एकदम अंगणांत आलीं, तें कोणत्या उत्तरांत लिहायचें?" त्या थंडींत पाटणची आळीच्या आळी कित्येक रात्री उघड्यावर निजली होती.

मग ती थोडा वेळ गप्प राहिली. समोर पाणी तांबूस झालें होतें. पुतण्याची मुलगी, वय नऊ, मोबाइल हातांत धरून बाणाची दिशा तपासत उभी होती. तिला जवळ बोलावून आत्यानें विचारलें, "बाळ, तुझ्या यंत्रांत आपलें गांव सांपडेल का ग?"

येथें वाचकांस थोडा खुलासा केला पाहिजे. आमचें मूळ गांव या जलाशयांत गेलें. १९६० च्या सुमारास गांव उठलें, तेव्हां आत्या सतरा-अठरा वर्षांची होती आणि मी दोन वर्षांचा. मला तेथलें कांहींएक आठवत नाहीं. गांवाचें नांव मी मुद्दाम देत नाहीं. त्याच नांवाची नवी वसाहत दुसऱ्या जिल्ह्यांत झाली आहे, आणि कोणी उगाच तिकडे जाऊन आमचा वाडा शोधूं नये. आत्याचें लग्न लौकरच पाटणास झालें. तेव्हांपासून ती नदीच्या काठीं राहिली खरी, पण माहेरीं म्हणून तिला कधीं जातां आलें नाहीं. माझे वडील वारले त्यानंतर त्यांच्या कागदांत भारत सर्वेक्षण खात्याचा एक इंचास एक मैल या प्रमाणाचा जुना नकाशा निघाला होता. त्यांत गांव आहे. काळ्या चौकोनी ठिपक्यांचा एक पुंजका, देवळाची खूण, नदीपर्यंत तुटक रेघ. योगायोग असा कीं त्या नकाशाचें छायाचित्र पुतण्याच्या मोबाइलांत होतें.

त्यानें पट्टीनें मोजावें तसे बोटांनीं मोजून आंकडे काढले. जुन्या नकाशाचें आणि उपग्रहाचें गणित थोडें वेगळें असतें, तेंही त्यानें हिशेबांत धरलें. मग आंकडे यंत्रांत घातले. बाण क्षणभर गरगरला आणि उत्तरेकडे, पाण्यावर स्थिर झाला. अंतर दाखविलें, एकोणीस किलोमीटर. मुलगी म्हणाली, "मोठी आजी, जायचं का? पण रस्ता दाखवत नाहीं."

आत्यानें तो मोबाइल दोन्ही हातांत, पूजेचें ताम्हन धरावें तसा, धरला. उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें म्हणजे बुडितांतील कांहीं गांवांचीं जोतीं उघडीं पडतात. आमचें गांव जुन्या नदीच्या अगदीं कांठीं, तें कधींच वर येत नाहीं. आत्या त्या बाणाकडे पाहात होती आणि मी तिच्याकडे. काय बोलावें तें सुचेना, म्हणून मीं आपला पांघरुणांचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशीं पहांटे निघून पाटणास आलों. अंतर वीस-बावीस किलोमीटर. महाबळेश्वरीं उगम पावून सरळ दक्षिणेस वाहणारी कोयना हेळवाकाशीं एकाएकीं पूर्वेस वळते, आणि तेथून कऱ्हाडास कृष्णेला मिळेपर्यंत तिचें खोरें रुंद होत जातें. त्याच वळणावर चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढून येणारी वाट मिळते. केरा आणि कोयना यांच्या संगमावरचें पाटण त्या वाटेवरची जुनी पेठ. एके काळीं कोंकणांतून मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई, देशावरून गूळ, धान्य, मिरची खालीं जाई, आणि बैलांच्या पाठीवरच्या गोणी या पेठेंत उतरत. आज मोटारींचे कर्णे फार झाले आहेत. पण जुन्या घरांचे ओटे, फळ्यांचीं दुकानें आणि किराणा दुकानांतला तो हिंग-गुळाचा मिश्र वास अजून आहे. आमच्या मुलांना त्या वासाचें मोठें नवल वाटलें. एरवीं त्यांचा किराणा पिशवींत बंद होऊन दारांत येतो.

आत्या घरीं थांबली. दशम्या, तिळाची चटणी, दहीभात आणि लिंबाचें लोणचें बांधून घेऊन आम्ही टोळेवाडीच्या वाटेनें दातेगडाकडे चालूं लागलों. गडास सुंदरगड असेंही नांव आहे. चढ फारसा कठीण नाहीं. सावली मात्र कमी, म्हणून उन्हें तापण्यापूर्वीं वर पोंचावें. भात निघून गेलेला, खांचरांत नुसते बुडखे, बांधावर सोनकीचीं सुकत आलेलीं फुलें. समोरच्या सड्यांवर पवनचक्क्यांचीं पातीं संथपणें फिरतांना दिसत होतीं.

वाटेंत यंत्राविषयीं एक गोष्ट ध्यानांत आली, ती सांगून ठेवतों. उपग्रहाचा संकेत आकाशांतून येतो, त्याला टेलिफोनच्या मनोऱ्याची गरज नसते. पण खालचा नकाशा मनोऱ्यांवरून येतो. म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्यावा. शिवाय उंच कड्याजवळ संकेत दगडावर आपटून येतात आणि बाण भलतीकडे वळतो. आम्ही कातळांत खोदलेल्या पायऱ्यांशीं पोंचलों तेव्हां माझ्या धाकट्या नातवाच्या बाणानें त्याला सरळ कड्याबाहेर तीस पावलें चालावयास सांगितलें! तेथून पुढें यंत्रें खिशांत आणि पोरांचे हात मोठ्यांच्या हातांत, असा मीं हुकूम सोडला.

दरवाजाजवळ कातळांत कोरलेले गणपति आणि मारुति आहेत. मारुतीची मूर्ति चांगली पुरुषभर उंचीची. मुलांनीं न सांगतां नमस्कार केले. याच तालुक्यांत चाफळास समर्थांनीं स्थापिलेले मारुति आहेत, आणि सातारा, सांगली, कोल्हापूर अशा तीन जिल्ह्यांत विखुरलेले अकराही मारुति एका दिवसांत मोटारीनें गांठणारे भाविक मला ठाऊक आहेत. पुतण्या म्हणाला, "काका, म्हणजे आपण हा खेळ पूर्वींपासूनच खेळतों कीं!" मीं म्हटलें, "खेळतों, पण वहींत नांव लिहीत नाहीं."

गडावरील खरी पाहाण्यासारखी वस्तु म्हणजे तलवारीच्या आकाराची विहीर. सबंध कातळ वरून खालीं कापीत नेला आहे. वरून पाहिलें तर खरोखरच मुठीसकट तलवार आडवी ठेवल्यासारखी दिसते. आंत उतरण्यास पायऱ्या आहेत आणि खालीं महादेवाचें स्थान आहे. दहा पायऱ्या उतरल्या कीं बाहेरचें ऊन, वारा, पोरांचा गलका सारें नाहींसें होतें आणि अंगावर गारवा येतो. माझी सून पुण्याची. ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली, आणि विहिरीवर चालणाऱ्या छिन्न्यांचा आवाज किती वर्षें या डोंगरांत घुमला असेल, असें म्हणाली.

दहीभात झाल्यावर डब्याचा प्रश्न पुन्हां निघाला. पुतण्याला तटाच्या एका खांचेंत फार सुरेख जागा सांपडली होती. पाऊस लागणार नाहीं, वाटेवरून दिसणार नाहीं, पण हात घातला कीं सांपडेल. डबा ठेवून त्यानें वर एक चिपही बसविली. तेव्हां त्याची मुलगीच म्हणाली, "बाबा, आपण परत गेल्यावर याची काळजी कोण घेणार? नियमांत तसं लिहिलंय." कोणी कांहीं बोललें नाहीं. माझेंही मत विरुद्धच होतें. ज्या तटाचा एक दगड आपण बसविला नाहीं, त्यांत आपलें प्लास्टिक खुपसण्याचा आपणांस काय अधिकार? पण आठ वर्षांनीं घरीं आलेल्या मुलाला मीं तें सांगितलें नसतें. पोरीनें सांगितलें तें बरें झालें. पुतण्यानें चीप काढली, डबा खिशांत घातला आणि उतरतांना तो फारसा बोलला नाहीं. त्याला काय वाटलें असेल याची मला कल्पना आहे. परदेशीं राहाणाऱ्या माणसाला आपल्या मुलखांत आपली म्हणून एखादी वस्तु असावी असें वाटतें. मग ती तळहाताएवढी कां असेना.

दिवेलागणीस घरीं आलों. आत्यानें आधीं सर्वांचे पाय धुवविले, चहा दिला आणि मग विचारलें, "ठेवलात का डबा?" नाहीं म्हटल्यावर ती उठली, ओट्याच्या बाहेरच्या अंगाला गेली आणि भिंतींतल्या जुन्या देवळीकडे बोट दाखविलें. पूर्वीं तेथें रस्त्यावरच्या लोकांसाठीं पणती ठेवीत. १९६७ च्या भूकंपांत त्या भिंतीला पडलेली चीर अजून तशीच आहे, आणि देवळींतला मागचा दगड तेव्हांपासून सुटा आहे. "या दगडामागें ठेव. जागा आपली, परवानगी माझी, आणि बघायला मी रोज असतेंच." शाळामास्तर आतेभावालाही हरकत घेण्यास जागा उरली नाहीं.

एक अडचण निघाली. आत्याला वहींत लिहावयाचें होतें, आणि पहिलें पान पहिल्या शोधणाराचें, असा या खेळांत दंडक. तेव्हां तिनें वही उलटी फिरविली आणि शेवटच्या पानापासून आरंभ केला. शिसपेन्सिल बारीक, अक्षर थरथरतें. तिनें आपलें नांव लिहिलें नाहीं. गांवाचें नांव लिहिलें, खालीं पुतण्याकडून विचारून त्याचे आंकडे लिहिले, आणि मग नदीवरून वर चढतांना लागणारीं घरें ओळीनें लिहावयास घेतलीं. उजव्या हाताला सुतारांचें, त्याला लागून गुरवांचें, मग पार, पारासमोर आमचें. डाव्या हाताला कुंभारांचीं दोन, मधें आड. कोणाच्या दारांत फणस, कोणाच्या परसांत रामफळ. मी शेजारीं बसून पाहात होतों. सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांचा झालों, पण आमच्या घरासमोर पार होता हें मला त्या सायंकाळीं प्रथम कळलें. मीं विचारलें, "आत्या, पिंपळ का वड?" ती मान वर न करतां म्हणाली, "पिंपळ. तुला त्याच्याखालींच पाळण्यांत घालायचे."

डब्याची नोंद पुतण्यानें त्याच रात्रीं पाठविली. तपासनिसांची मंजुरी त्याला परत गेल्यावर नवव्या दिवशीं मिळाली. अजून तो डबा शोधीत कोणी आलेलें नाहीं. गेल्या गुरुवारीं आतेभावाचा फोन होता. आत्यानें देवळींतून डबा काढून वही ओट्यावर उन्हांत ठेवली होती. दंव शिरलें असेल म्हणून कीं काय, असें त्याला वाटलें. तसें नव्हतें, खालच्या आळींतलें एक घर राहून गेलें होतें, तें तिला लिहावयाचें होतें.